खैरझिरीचं पाणी

पाणी पिऊन झालं, गडवा खाली ठेवला, आणि मग त्या बाईनं आपल्या गावाचं नाव सांगितलं. आधी सांगितलं असतं तर मी प्यालो नसतो. चैत्र सरत आला होता. बुलढाण्याची हवा थंड म्हणतात, पण ते जुन्या लोकांचं बोलणं झालं; आता इथंही दुपारी डांबर चपलेला चिकटतं. मी दवाखान्यातून गोळ्या घेऊन चिखली रोडनं चालत आलो होतो आणि वर माझ्या खोलीत चढण्याआधी जिन्याच्या पहिल्या पायरीवर टेकलो होतो. खालच्या दोन खोल्यांत थोड्या दिवसांपूर्वी बिऱ्हाड आलं होतं. दीपक नावाचा पोरगा, पाण्याच्या जळालेल्या मोटारी पुन्हा बांधून देण्याचं त्याचं दुकान, आणि त्याची बायको अश्विनी. त्याची आई सत्यभामाबाई आदल्या दिवशी गावाहून आली होती. तिनंच मला दारातून पाहिलं. "काय बाप्पा, घामानं न्हाले तुमी तं. बसा, पानी आनते," म्हणाली, आणि मी नको म्हणायच्या आत गडवा हातात दिला. माठातलं पाणी, वाळ्याचा वास. मी मान वर करून घटाघटा प्यालो. मग ती उंबऱ्यावर बसली, पदरानं वारा घेत म्हणाली, "आमी खैरझिरीचे. तुमी कोनत्या गावचे?"

पाणी पोटात गेलं होतं, पण मला ते वेगळं जाणवत राहिलं, जसं अंगात एखादं दुसऱ्याचं कापड घातलेलं जाणवतं. "धाडकडचा," मी म्हणालो. धाडकडचा म्हणजे काहीच न सांगणं. धाडच्या बाजारपेठेच्या आजूबाजूला पुष्कळ गावं आहेत आणि एकात माझी एक मावशी दिली होती, एवढंच माझं धाड. सत्यभामाबाई म्हणाली, "हाव का? धाडचा बजार पाह्यला मी. मिरची लय चांगली भेटते तथी." मी हो हो करत कठडा धरून वर आलो. खोलीचं कुलूप काढलं, आत गेलो, आणि पुष्कळ वेळ पंखा न लावता उभाच राहिलो.

मी सावळटेकचा. सावळटेक आणि खैरझिरी यांच्यामध्ये एक नाला आहे आणि त्या नाल्यात एक झिरा होता, वाळूत पाझरून भरणारा पाण्याचा खड्डा. आमच्या घरात बाकी कसलीही कडक रीत नव्हती. कोणाकडेही बसावं, कोणाकडेही खावं. पण खैरझिरीच्या माणसाच्या हातचं पाणी प्यायचं नाही. लहानपणी मला वाटायचं हा आमचा ताठा आहे, आणि तो ताठा मला आवडायचा. खैरझिरीची माणसंही तसंच समजत. आमचा आजा त्यांच्या गावावरून उन्हाचा जाताना वाळल्या ओठांनी राम राम करून पुढं जाई आणि ते मागून थुंकत. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, सावळटेकात झिऱ्याची पहिली घागर वाजतगाजत आमच्या दारी येई. माझी आई तिला हळदकुंकू लावी. मग बाकीच्या घरच्या घागरी भरायच्या. बाजारात कोणी विचारलं, "हे कोनाचं पोरगं?" तर उत्तर येई, "शीव चालला नाही का कडूबा, त्याचा पणतू." ते ऐकून माझी छाती पुढं यायची. आता शहात्तर वर्षांचा आहे, गुडघे गेले, तरी ते वाक्य आठवलं की कुठंतरी आत ती अजून पुढं येते. तिला अडवता येत नाही.

कडूबा माझा पणजोबा. त्याच्या आधीची भावंडं जगली नाहीत म्हणून त्याला असं कडू नाव ठेवलं, की यमानं तोंड फिरवावं. छप्पनच्या दुष्काळात, म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी, दोन्ही गावांच्या विहिरी आटल्या आणि तो एक झिरा तेवढा पाझरत राहिला. तो कोणाच्या शिवेत यावर डोकी फुटायची वेळ आली, तेव्हा जुन्या रीतीनं ठरलं, की एका माणसानं शीव चालावी. दोन्ही गावांना कबूल असा माणूस पाहिजे. त्यानं ओल्या अंगानं उभं राहायचं, शिवेची माती डोक्यावर घ्यायची, वर घोंगडी, पायात काही नाही, मागं पाहायचं नाही, आणि चालत सुटायचं. तो चालेल ती शीव. मागून लोक दगड रोवत येणार. चालण्याआधी त्यानं म्हणायचं, मी खोटं चाललो तर माझ्या वंशात पाणी द्यायला कोणी उरणार नाही. खैरझिरीच्या लोकांनी आपणहून कडूबाचं नाव घेतलं. कारण तो खोटं बोलत नाही हे दहा गावांना ठाऊक होतं. आणि कडूबा चालला. झिरा सावळटेकच्या बाजूला पडला. खैरझिरीनं एक शब्द काढला नाही. दगड अजून आहेत.

गावाला ठाऊक आहे ते एवढंच. पुढचं फक्त आमच्या घरात बापानं मुलाला सांगायचं, तेही हळद लागायच्या आधी. माझ्या हळदीच्या सकाळी बाप मला नाल्यावर घेऊन गेला. मला वाटलं जमिनीचं काही सांगेल. तो पाण्याकडं पाहत म्हणाला, "तो खोटं चालला." मी विचारलं, "कोन?" "कोन म्हंजे? आपला कडूबा. शीव त्या बाभळीवरून होती. झिरा त्यांचा होता." मला हसू आलं, कारण बाप कधी असं बोलत नसे. मग मी त्याचं तोंड पाहिलं. "काऊन चालला मंग?" "गावात पानी नोतं." "आन शपथ?" "शपथ घेतलीच ना त्यानं. समजून उमजून घेतली." पुढं बाप म्हणाला, "माह्या बापानं पाह्यलं. नऊ वर्साचा होता तो. कडूबा काठी घेऊन अथी बसला होता. तिकडून एक जन आला, घागर घेऊन. कडूबा काहीच बोलला नाही, नुसता उभा राह्यला. तो मानूस परत गेला, त्या हिवराच्या झाडाआड गेला तोवर कडूबा त्याच्या पाठीकडं पाहत होता. त्या दिवसापासून आपल्या घरात त्यांच्या हातचं पानी नाही. ज्यांचं घेतलं त्यांच्या जवळून मागाचं कोन्या तोंडानं?" एवढं सांगून बाप म्हणाला, "चाल, पोरी हळद घेऊन बसल्या असतीन."

नंतर मी आयुष्यभर ह्याच गोष्टीच्या आत राहिलो. सावळटेक सोडून बुलढाण्यात आलो, गोदामावर रखवालदारी केली, चाळिशीनंतर बायकोकडून अक्षरं शिकलो, जुन्या वर्तमानपत्रावर बोट फिरवत. पण डोक्यात तो नाला होताच. कधी वाटायचं, केवढा माणूस! स्वतःचं खरेपण सगळ्यात मोलाचं, आणि तेच त्यानं गावासाठी खर्चून टाकलं. माझं पोट भरलेलं असलं, अंगात जोर असला, की असं वाटायचं. आणि कधी, विशेषतः दुपारी गोदामाच्या सावलीत एकटा बसलेलो असताना, वाटायचं की त्यानं खर्चलं ते त्याचं नव्हतं. पणाला लावले ते आम्ही. आम्हाला कोणी विचारलं नव्हतं. आजाला एकच मुलगा राहिला, बापाला एकच. मला दोन झाले, राहिले नाहीत. दुसरा गेला तेव्हा मी आशाला सगळं सांगून टाकलं. आशा माझी बायको. बापानं बायकोला सांगायचं नाही असं काही म्हटलं नव्हतं. त्याला ते सुचलंच नसेल. तिनं ऐकून घेतलं. ती ओली बाळंतीण, अजून खाटेवरच होती. म्हणाली, "डॉक्टरीनबाई म्हनल्या धनुर्वात झाला. नाळ कापली तो इळा गंजका होता तुमच्या गावचा." मग कूस बदलली आणि भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "आन तसं असलं खरंच, तं माह्या पोटाचा सौदा करनारा तो कोन व?" त्यानंतर आमच्या घरात कडूबाचं नाव निघालं नाही. आखाजीला मी पितरांच्या नावानं घागर भरायचो तेव्हा ती मुद्दाम कपडे धुवायला बसायची. ती जाऊन आता सहा वर्षं होतील. माझ्यानंतर घागर भरायला कोणी नाही. शपथ फळाला आली म्हणावं, की एका साध्या माणसाला मूल झालं नाही म्हणावं, हे मी कितीदा तरी दोन्हीकडून मोजून पाहिलं आहे. दोन्हीकडून खोली तेवढीच रिकामी असते.

खालच्या घराचा मला लोभ जडला होता. त्यांनी मला आबा म्हणायला सुरुवात केली होती. अश्विनी फोडणी देई तेव्हा वास जिन्यानं वर येई आणि मी उगाच काहीतरी निमित्तानं खाली उतरे. माणूस एकटा राहिला की त्याला कोणी जेवायला बोलावत नाही. लग्नाची पत्रिका येते, पण ती घराला येते. म्हणून आखाजीच्या दोन दिवस आधी सत्यभामाबाई जिना चढून वर आली आणि खाटेच्या कडेला बसून म्हणाली, "भाऊ, आखाजीले आमच्या घरी पित्तर म्हनून बसा तुमी, आमच्या गेलेल्या मानसाच्या जागी," तेव्हा मला आधी आनंदच झाला. ते मी लपवत नाही. मागून अश्विनीही आली होती, दाराशी उभी. सत्यभामाबाई म्हणाली, "गावात असतो तं भावकीतला कोनी बसला असता. या शहरात कोनाले शोधू? दीपक म्हनते, दुकानातला गणेश बसवू. अव, त्याले धड मिशी नाही, त्याच्या कोनी पाया पडन काय?"

"आन तो बसल्या बसल्या मोबाईल पाहीन, आई," अश्विनी म्हणाली.

"पाहीनच तं. सोर्गातून फोन आला म्हनन." दोघी हसल्या. मीही हसलो. मग सत्यभामाबाईनं पदर सारखा केला. "एक रीत हाये आमच्या घरची, ते पहिलेच सांगून ठेवते. आमच्या पित्तराले आधी पानी. पोटभर. मंग मी इचारते, तहान भागली का? तुमी म्हनाचं, भागली. मंगच ताट वाढते."

"आन नाही म्हटलं तं?"

"काऊन नाही म्हनान? गेल्या साली आमच्या चुलतदिरानं पहिल्या घोटालेच भागली म्हटलं. पुरनपोळीवर डोळा मेल्याचा." आणि मग, हसणं पुरतं ओसरायच्या आत, तिनं मला सांगितलं. तिच्या नवऱ्याचा पणजोबा, महादू त्याचं नाव. छप्पनच्या सालात त्याची बायको बाळंत झाली, घरात थेंब नाही. भर दुपारी तो घागर घेऊन आपल्याच झिऱ्यावर गेला. तिथं पलीकडच्या गावचा एक माणूस काठी घेऊन बसलेला. "त्याचं नाव आमच्या घरात घेत नाहीत," ती म्हणाली. महादू परत फिरला. नाल्याच्या वर हिवराचं झाड आहे, त्याच्या सावलीला टेकला. "टेकला तो टेकलाच. घागर मांडीवर तशीच. संध्याकाळी ढोरं परतली तवा पोरायनं पाह्यलं. लेकरू शेळीच्या दुधावर वाढलं. त्याचेच आमी सगळे, भाऊ. चाळीस उंबरे झाले आता."

ती खाली गेली तरी मी खाटेवर होतो तसा बसून राहिलो. आमच्या गोष्टीतला तो माणूस झाडाआड जाईपर्यंतच होता. पुढं त्याचं काय झालं हे आमच्यात कोणी कधी विचारलं नाही, आणि आता मला कळलं की विचारलं नाही म्हणूनच ती गोष्ट इतकी वर्षं सांगता आली. झाडाआड गेला, म्हणजे घरी गेला. माझ्या आजानं, बापानं, मी, तिघांनी त्याला घरी पोचवून दिलं होतं. आणि तो तिथंच बसलेला होता, हाकेच्या अंतरावर. पुढचे दोन दिवस मी काय काय ठरवलं! आजारी आहे म्हणावं. कुलूप लावून दिवसभर बसस्टँडवर बसावं. नाहीतर आधीच खाली जाऊन सांगून टाकावं. सांगितलं असतं तर ते दार बंद झालं असतं, आणि ते दार सोडलं तर या शहरात माझ्यासाठी उघडं असं दुसरं नव्हतं. आखाजीच्या सकाळी मी माझी घागर भरली, कडूबाच्या नावानं. थोडं पाणी फरशीवर सांडलं. दुपारी धुतलेलं धोतर नेसून खाली उतरलो.

दीपकनं परातीत माझे पाय धुतले. पाटाभोवती अश्विनीनं रांगोळी काढली होती. समोर गव्हाच्या राशीवर घागर, तिच्या गळ्यात सूत, तोंडावर पिवळं डांगर, म्हणजे खरबूज, आणि दोन आंबे. निखाऱ्यावर तुपाचा वास. सत्यभामाबाई नवं लुगडं नेसून समोर बसली होती, आणि तिचा चेहरा परवासारखा नव्हता. ती माझ्याकडं पाहत होती पण मला पाहत नव्हती. तिनं गडवा दिला. मी प्यालो. "तहान भागली का?" ती म्हणाली. ते विचारणं रीतीचं नव्हतं. खरोखर कोणी उन्हातून आलेल्याला विचारावं तसं होतं. शब्द माझ्या तोंडात तयार होता. तो एक शब्द, की पान वाढलं जाणार, उद्याही अश्विनी आबा म्हणणार. कडूबाच्या खोट्यानं निदान एक गाव तरलं होतं. माझ्या खोट्यानं फक्त माझं ताट येणार होतं. मी म्हणालो, "नाही."

तिनं पुन्हा गडवा भरला. मी प्यालो. तिनं विचारलं, मी नाही म्हणालो. तिसऱ्यांदा ती भरायला लागली तेव्हा दीपक माझ्या कानाशी वाकला. "आबा, भागली म्हना ना. पोट फुटीन."

"मी धाडकडचा नाही, बाई," मी म्हणालो. "सावळटेकचा हावो. काठी घेऊन बसला होता त्या कडूबाचा पणतू. झिरा तुमचाच होता. तो खोटं चालला. आमच्या घरात ठावं हाये ते, पहिल्यापासून."

त्या घरात ते नाव किती वर्षांनी उमटलं कोणास ठाऊक. निखाऱ्यावर काहीतरी तडतडलं. सत्यभामाबाईच्या हातातल्या गडव्यातून पाणी तिच्या मांडीवर सांडत होतं, तिला कळलं नाही. "सावळटेकचा," ती हळू म्हणाली. मग मोठ्यानं, "मंग वर आली होती मी तवा काऊन नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तं बोलावलं नसतं तुमी."

"नसतंच बोलावलं!"

"आई," दीपक म्हणाला, "सव्वाशे वर्सं झाली त्याले. झिरा कवाचाच आटला. आता दोनी गावाले एकच टँकर येते."

"तू चूप बस. तुले टँकरच दिसते." तिचे डोळे भरले होते, पण ती रडत नव्हती, तो राग होता, आणि तो कुठं ठेवावा हे तिला समजत नव्हतं, कारण माझे पाय तिच्याच मुलानं आत्ता धुतले होते. मी पाटावर हात टेकले. "उठतो मी."

"बसा!" ती म्हणाली. "बसलेला पित्तर उपाशी उठत नसते. एवढंही समजत नाही काय? अश्विनी, ताट आन. आन भाऊ, भागली म्हनू नका आता. मी इचारत नाही."

ताट आलं. पुरणपोळी, आंब्याचा रस, कुरडई, भजी, सार. ती स्वतः वाढत राहिली, हात आखडता न घेता, तुपाची धार पोळीवरून ताटात उतरेपर्यंत. मला वाटलं होतं घास उतरणार नाही, पण मी जेवलो. चव लागली. आशा गेल्यापासून माझ्या तोंडाला पुरण लागलं नव्हतं, आणि कडूबा नाही, महादू नाही, माझी जीभ तेवढी त्या रसात होती. तिची मला लाज वाटली आणि तरीही मी आणखी एक पोळी घेतली.

हात धुऊन मी पाटाच्या पुढं उभा राहिलो. पित्तराच्या पाया पडायचं असतं. दीपक पडला, अश्विनी पडली. मग सत्यभामाबाई वाकली. मी चटकन पाय मागं घेतले.

"पाय मांगं घेऊ नका," ती खालूनच म्हणाली. "तुमच्या पाया नाही पडून राह्यली मी."

तिचे हात माझ्या पावलांवर आले. कामाचे, खरबरीत, गडव्याच्या पाण्यानं अजून ओले. ती वाकलेलीच राहिली, कारण पित्तरानं काहीतरी म्हणायचं असतं, आणि मी म्हणत नव्हतो. कोणाच्या तोंडानं म्हणावं हेच मला सापडत नव्हतं. मी खाली पाहिलं. आणि तिथं, त्या मधल्या खोलीत, पंख्याच्या घरघरीत, मला झिरा दिसला, पण पलीकडच्या काठावरून, महादूच्या जागेवरून. आयुष्यभर मी कडूबाच्या पाठीमागं उभा राहून पाहत आलो होतो. आता तो मला समोरून दिसला. वाटलं होतं तसा तो मुळीच नव्हता. तरणा होता, माझ्या मुलाचा मुलगा शोभला असता एवढा. ओठ फुटलेले. काठी दोन्ही हातांनी धरलेली, पडू नये म्हणून. तोही प्यालेला नव्हता. आणि तो माझ्याकडं पाहत होता, मी परत फिरावं म्हणून विनवत असल्यासारखा. आणि मी फिरत नव्हतो, कारण घरी बाळंतीण होती.

"पानी पुरंल तुमाले," मी म्हणालो.

सत्यभामाबाई गुडघ्यावर हात देऊन उठली. "हाव," म्हणाली. ती माझ्याकडं पाहत नव्हती. मी ज्यावर बसलो होतो त्या पाटाकडं पाहत होती, जणू तिथं कोणी अजून बसलेलं होतं. मी दाराबाहेर येऊन चपला शोधल्या आणि कठडा धरून जिना चढू लागलो.